संख्यांची राजकंठिका

वर्गसंख्या शिकविताना फळ्यावर एक गंमत लिहून दाखविण्याची सवय अनेक गणितशिक्षकांना असते. ११ चा वर्ग १२१, १११ चा वर्ग १२३२१, ११११ चा वर्ग १२३४३२१. चौथ्या ओळीपर्यंत मुले गुणाकार न करताच उत्तर सांगू लागतात आणि वर्गात जरा उत्साह येतो. सोलापुरातील एका शाळेत आठवीच्या वर्गावर आम्हीही हेच करीत होतो. नऊ एकांपर्यंत मजल गेली आणि फळ्यावर १२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या दिमाखात उभी राहिली. इतक्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, दहा एक घेतले तर?" तास संपत आला होता. आम्ही म्हटले, "मधोमध दहा येतील आणि पुन्हा उतरण सुरू होईल."

उत्तर साफ चुकीचे होते. दुसऱ्या दिवशी ती विद्यार्थिनी वहीचे अख्खे पान भरून गुणाकार करून घेऊन आली. तिचे उत्तर होते १२३४५६७९००९८७६५४३२१. चढत्या बाजूचा ८ नाहीसा झाला होता आणि मध्ये दोन शून्ये येऊन बसली होती. तिचा गुणाकार बरोबर होता.

असे का होते हे पाहणे अवघड नाही. एकाच संख्येखाली तीच संख्या एकेक घर डावीकडे सरकवून लिहीत गेलो की उभ्या रकान्यांची बेरीज १, २, ३ अशी वाढत जाते. नऊ एकांपर्यंत कोणत्याच रकान्यात ९ पेक्षा मोठी बेरीज येत नाही, म्हणून हातचा नसतो आणि चढण-उतरण स्वच्छ दिसते. दहा एक घेतले की मधल्या रकान्यात १० येतात. तेथे शून्य लिहून हातचा एक डावीकडे जातो. डावीकडे आधीच ९ असतात, त्यांचे १० होतात. पुन्हा शून्य आणि पुन्हा हातचा. त्याच्या डावीकडे ८ होते, त्यांचे ९ झाले आणि हातचा तेथे थांबला. म्हणजे ८ हरवला नव्हता, तो ९ झाला होता.

हाच हातचा आणखी एका ठिकाणी भेटतो. १२३४५६७९ या संख्येला ९ ने गुणले की १११११११११ येतात, नऊ एक. या गुण्यातही ८ नाही, आणि कारणही तेच आहे. हा गुणाकार हल्ली कोड्यांच्या पुस्तकांतून हमखास सापडतो. बहुतेकांची समजूत अशी की, ही परदेशी मासिकांतून आलेली करमणूक असावी. आमचीही तशीच होती. पुढे सोलापुरातच एका स्नेह्यांच्या कपाटात १९६३ साली छापलेला एक ग्रंथ हाती आला, आणि त्यात हाच गुणाकार उदाहरण म्हणून दिलेला आढळला. ग्रंथ होता महावीराचार्यांचा 'गणितसारसंग्रह', म्हणजे इसवी सन ८५० च्या सुमाराचा.

हा ग्रंथ सोलापुरात कसा छापला गेला, हे थोडे सांगायला हवे. सोलापूरचे ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांनी उत्तरायुष्यात आपली संपत्ती धर्म आणि विद्या यांच्या कामी लावायचे ठरविले. १९४१ च्या उन्हाळ्यात नाशिकजवळच्या गजपंथ या क्षेत्री त्यांनी विद्वानांना एकत्र बोलाविले, आणि त्या विचारविनिमयातून जैन संस्कृति संरक्षक संघ उभा राहिला. संघाच्या जीवराज जैन ग्रंथमालेचे संपादन प्राकृत-संस्कृतचे मोठे पंडित डॉ. आ. ने. उपाध्ये आणि डॉ. हिरालाल जैन यांच्याकडे होते. याच मालेत 'गणितसारसंग्रह' प्रा. लक्ष्मीचंद्र जैन यांच्या हिंदी अनुवादासह निघाला. त्यापूर्वी १९१२ साली मद्रासला एम. रंगाचार्य यांनी इंग्रजी भाषांतरासह तो प्रसिद्ध केला होता, पण इंग्रजी न येणाऱ्या वाचकाला तो सोलापूरच्या प्रतीमुळे जवळ आला.

ग्रंथाचे घरही सोलापूरपासून फार दूर नाही. महावीराचार्य राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळातले, आणि ग्रंथाच्या आरंभी त्यांनी त्याची स्तुती केली आहे. अमोघवर्षाची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजचे मळखेड. सोलापूरहून आगगाडीने कलबुर्गी आणि वाडी मागे टाकून सिकंदराबादच्या फाट्याला लागले की मळखेड रोड नावाचे स्टेशन लागते. वेरूळचे कैलास लेणे ज्या घराण्याने खोदविले त्याच घराण्याची ही राजधानी. तेव्हा हा ग्रंथ परक्या मुलखातला मानण्याचे कारण नाही.

ग्रंथाची मांडणी पाहिली की तो शिकविण्यासाठी लिहिला गेला आहे हे जाणवते. संख्यांची साधी बेरीज-वजाबाकी शिष्याला येते असे धरून परिकर्मांची सुरुवात थेट गुणाकारापासून होते. (आपल्या वर्गात असे धरता आले असते तर किती बरे झाले असते!) संज्ञा सांगताना स्थानांची नावे दिली आहेत ती एकूण चोवीस: एक, दश, शत, सहस्र येथून निघून कोटी, अर्बुद, खर्व, पद्म, क्षोणी, शंख, क्षिती आणि क्षोभ अशी पावले टाकीत शेवटी महाक्षोभ. चोविसावे स्थान म्हणजे १ वर तेवीस शून्ये. एवढ्या मोठ्या संख्या बाजारहाटात कोणाला लागत होत्या? त्या संख्यांवरच प्रेम असणाऱ्या माणसाने दिलेली ही नावे आहेत.

गुणाकाराच्या उदाहरणांत ते प्रेम उघड दिसते. व्यवहारी उदाहरणे देऊन झाल्यावर आचार्य काही संख्या अशा निवडतात की उत्तर हारासारखे दिसावे, डावीकडून आणि उजवीकडून सारखेच वाचता यावे. त्यांतील काही येथे देतो. शिक्षकांनी ती मुलांकडून हाताने करून घ्यावीत, गणकयंत्राने नव्हे.

१३९ × १०९ = १५१५१
१५२२०७ × ७३ = ११११११११
१४२८७१४३ × ७ = १०००१०००१
११०११०११ × ९१ = १००२००२००१
३३३३३३६६६६६७ × ३३ = ११००००११००००११

यांतील चौथ्या उत्तराला आचार्यांनी राजाला शोभेल अशी कंठी म्हटले आहे. गुण्य सांगतानाही ते एकक स्थानापासून १, १, ०, १, १, ०, १, १ असे मणी ओवल्यासारखे अंक सांगतात. आणि एक संख्या ते एकापासून सहापर्यंत चढणारी व पुढे क्रमाने उतरणारी अशा शब्दांत वर्णन करतात. ती १२३४५६५४३२१, म्हणजे बाराशे चौतीस कोटी छप्पन्न लक्ष चोपन्न हजार तीनशे एकवीस. तिला ४४१ ने भागले की २७९९४६८१ येतात. ज्या गंमतीवर आम्ही आठवीचा तास रंगविला होता तिची ही साडेअकराशे वर्षांपूर्वीची प्रत!

आता एक प्रश्न विचारू. आठ एकांची संख्या ७३ ने पूर्ण भागली जाते, हे कळावे कसे? ७३ ही काही २, ३ किंवा ११ सारखी कसोटी पाठ असणारी संख्या नव्हे. अंदाजाने १५२२०७ हा आकडा सुचणे अशक्य. मार्ग एकच दिसतो, आणि तो चौथीच्या मुलालाही जमेल असा आहे. ७३ ने भागायला सुरुवात करा आणि भाज्यातून दर वेळी फक्त १ खाली उतरवीत राहा. १११ मध्ये ७३ एकदा, बाकी ३८. एक उतरविला, ३८१. पाच वेळा, बाकी १६. मग १६१, दोनदा, बाकी १५. मग १५१, दोनदा, बाकी ५. मग ५१, भाग शून्य. मग ५११, सात वेळा, आणि बाकी शून्य! उतरविलेले एक मोजा: आठ. भागाकार वाचा: १५२२०७. आचार्यांनी असेच केले असावे हा आमचा तर्क, पण वर्गात हे करून पाहताना शेवटची बाकी शून्य आली की मुलांच्या तोंडून जो उद्गार निघतो तो कोणत्याही काळी तसाच निघाला असेल.

हा भागाकार कधीतरी संपणारच, याची खात्री देता येते. केवळ एकांनी बनलेल्या या संख्यांना आपण सोयीसाठी 'एकावळी' म्हणू. (इंग्रजीत १९६६ पासून त्यांना रिप्युनिट म्हणतात.) ७३ ने भागताना ७३ पेक्षा लहान अशाच बाक्या येऊ शकतात. एकावळी मात्र अगणित आहेत. तेव्हा केव्हातरी दोन वेगळ्या एकावळींची बाकी सारखी येणारच. त्या दोघींची वजाबाकी केली तर ७३ चा भाग जाईल. आणि ती वजाबाकी म्हणजे पुढे काही एक आणि मागे काही शून्ये. १० चे मूळ अवयव २ आणि ५, त्यांच्याशी ७३ चा संबंध नाही, म्हणून शून्ये पुसून टाकली तरी भाग जातोच. उरते ती एकावळीच. हा युक्तिवाद ७३ पुरता नाही. २ किंवा ५ ने भाग न जाणारी कोणतीही संख्या घ्या, ती कोणत्या ना कोणत्या एकावळीला पूर्ण भागते.

कोणत्या मूळ संख्येला किती एक लागतात याची यादी मुलांना करू द्यावी. ११ ला दोन, ३ ला तीन, ३७ ला तीन, ७ ला सहा, १३ लाही सहा. आता सहा एकांची एकावळी पाहा. दोन, तीन आणि सहा या सर्वांचा सहाला भाग जातो, म्हणून हे पाचही जण तिच्यात एकत्र येतात.

११११११ = ३ × ७ × ११ × १३ × ३७

१२३४५६५४३२१ हा तिचाच वर्ग. ४४१ म्हणजे २१ चा वर्ग, म्हणजे ३ × ७ चा. उरलेले ११ × १३ × ३७ म्हणजे ५२९१, आणि २७९९४६८१ हा ५२९१ चा वर्ग. चढती-उतरती ती मोठी संख्या म्हणजे दोन वर्गांचा गुणाकार आहे. राजाची कंठीही अशीच उकलते: ११०११०११ म्हणजे ११ × १००१००१, आणि ९१ म्हणजे ७ × १३. यांतील ७, ११, १३ एकत्र आणले की १००१ होतात, आणि १००१ × १००१००१ म्हणजे ती कंठी. आचार्यांनी कंठी तोडून तिचे मणी दोन ढिगांत वाटले आणि शिष्याला पुन्हा ओवायला सांगितले, असे म्हटले तरी चालेल.

५२९१ ही संख्या लक्षात ठेवावी. तिची शेजारीण आपल्याला महाराष्ट्रातल्याच एका शाळामास्तरांकडे घेऊन जाते.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ चा, डहाणूचा. फर्ग्युसन महाविद्यालयात असताना १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले. १९३० पासून १९६२ पर्यंत ते नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत शिकवीत होते. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठातील जागा नाही. हाती खडू आणि डोक्यात संख्या. ६१७४ मुळे त्यांचे नाव आज शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते, म्हणून त्यात शिरत नाही. त्यांनी 'डेम्लो' नावाच्या संख्यांचा एक वर्ग शोधला होता. हे नाव त्यांनी डोंबिवली स्टेशनावरून घेतले, कारण ती कल्पना त्यांना तेथे सुचली. त्यांतील सर्वांत देखण्या घराण्याला त्यांनी 'वंडरफुल डेम्लो' म्हटले, आणि १९३८ साली 'मॅथेमॅटिक्स स्टुडंट' या नियतकालिकात त्यावर टिपण लिहिले. ते घराणे म्हणजे १, १२१, १२३२१, १२३४३२१… महावीराचार्यांची चढती-उतरती संख्या त्यातली सहावी. दहाव्या संख्येपासून हातच्यामुळे रूप बिघडते, तरी घराणे तेच. आमच्या विद्यार्थिनीच्या वहीतली संख्या त्या घराण्यातली दहावी होती.

कापरेकरांचे नाव ज्या संख्यांना मिळाले त्या निराळ्या. २९७ चा वर्ग ८८२०९. त्याचे ८८ आणि २०९ असे तुकडे करून बेरीज केली की पुन्हा २९७. आता ५२९२ घ्या, म्हणजे ५२९१ ची शेजारीण. तिचा वर्ग २८००५२६४. तुकडे करा: २८ आणि ००५२६४. बेरीज ५२९२! उजव्या तुकड्याच्या आरंभी दोन शून्ये येतात म्हणून काही याद्यांत हिला कापरेकर संख्या मानीत नाहीत, काहींत मानतात. आम्ही उदार याद्यांच्या बाजूचे.

हा योगायोग आहे का? मुळीच नाही. उजवीकडचे सहा अंक तोडून डावा तुकडा त्यात मिळविणे म्हणजे संख्येतून ९९९९९९ ची काही पट वजा करणे. येथे डावा तुकडा २८, म्हणून २८ पट वजा झाली. तेव्हा ५२९२ च्या वर्गातून ५२९२ वजा केले असता ९९९९९९ ची २८ पट उरली पाहिजे. ती वजाबाकी म्हणजे ५२९२ × ५२९१. आणि ९९९९९९ म्हणजे सहा एकांची एकावळी गुणिले ९, म्हणजे २७ × ७ × ११ × १३ × ३७. यांतले ११, १३ आणि ३७ सगळे ५२९१ मध्ये आहेत, आणि २७ व ७ सगळे ५२९२ मध्ये. दोघी शेजारणींनी एकच माळ आपापसांत वाटून घेतली आहे! महावीराचार्यांनी ज्या ठिकाणी ती माळ तोडली, अगदी त्याच ठिकाणी ती तुटल्यामुळे ५२९२ ला कापरेकरांचे नाव मिळाले. कापरेकर संख्यांचे हे सर्वसाधारण रहस्य, म्हणजे ९९…९ या संख्यांचे अवयव दोन शेजाऱ्यांत वाटले जाणे, डग्लस इयानुची यांनी २००० साली एका निबंधात नीट मांडले.

कापरेकरांच्या हयातीत त्यांच्या कामाला 'पोरखेळ' म्हणणारे कमी नव्हते. हा आक्षेप नुसता तुच्छतेतून आलेला नाही, त्यामागे विचार आहे. रामानुजनांचे गुरू आणि मित्र जी. एच. हार्डी यांनी १९४० च्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकात ८७१२ आणि ९८०१ यांचे उदाहरण दिले आहे. चार अंकी संख्यांत केवळ याच दोन आपल्या उलट्या रूपाच्या पूर्ण पटीत असतात: ८७१२ म्हणजे २१७८ ची चौपट, ९८०१ म्हणजे १०८९ ची नऊपट. अशा गोष्टी वर्तमानपत्री कोड्यांना ठीक, पण गणितज्ञाला त्यांत रस घेण्यासारखे काही नाही, असा हार्डींचा अभिप्राय होता. मुद्दा खरा आहे की, आपण दहांच्या पटीत मोजतो म्हणून हे आकार दिसतात. बारांच्या पटीत मोजणाऱ्या माणसाला १२३४५६५४३२१ मध्ये चढण-उतरण दिसणारच नाही.

तरीही आम्हाला हार्डींचा निवाडा अर्धाच पटतो. आकार दहांमुळे दिसतो हे मान्य. पण ७३ ला आठच एक का लागतात, हा प्रश्न आकाराचा नाही. १/७३ चा दशांश अपूर्णांक ०.०१३६९८६३ असा आठ अंकांनी आवर्तन पावतो, ते याच कारणाने. फर्मा यांनी १६४० साली लिहून ठेवलेल्या सिद्धांतावरून निघते की आवर्तनाची ही लांबी ७२ ला भागलीच पाहिजे, आणि आठाने ७२ ला भाग जातो. १८०१ साली गाउस यांनी संख्याशास्त्रावरच्या आपल्या महाग्रंथात दशांश अपूर्णांकांच्या आवर्तनांसाठी जागा राखून ठेवली होती. त्यांना तो पोरखेळ वाटला नव्हता. १९७५ च्या मार्चमध्ये 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये मार्टिन गार्डनर यांनी कापरेकरांविषयी लिहिले आणि देवळालीच्या मास्तरांचे नाव जगभर गेले. तेव्हा ते सत्तर वर्षांचे होते.

माळ तोडण्याच्या या खेळाला एक टोकही आहे. एकांची संख्या विभाज्य असेल तर एकावळी तुटतेच. सहा एकांत दोन-दोनचे आणि तीन-तीनचे गट पडतात, त्यामुळे ११ आणि १११ तिला भागतात. एकांची संख्या मूळ असली तरी बहुधा तुटते: पाच एक म्हणजे ४१ × २७१, सात एक म्हणजे २३९ × ४६४९. सतरा एकांची एकावळी तर २०७१७२३ × ५३६३२२२३५७ अशी तुटते. तिचे अवयव हाताने शोधायला बसू नये! १०३१ एकांची एकावळी तुटत नाही हे विल्यम्स आणि डुब्नर यांनी १९८६ साली सिद्ध केले. कापरेकर गेले ते याच वर्षी. पुढची अतूट एकावळी ४९०८१ एकांची, तिची सिद्धता मिळायला २०२२ साल उजाडले.

महावीराचार्यांनी नावे दिलेल्या चोवीस स्थानांच्या आत अशा न तुटणाऱ्या एकावळी तीनच आहेत. पहिली ११. दुसरी एकोणीस एकांची, जिचा डावीकडचा पहिला मणी शंख या स्थानी येतो. आणि तिसरी तेवीस एकांची, तिचा पहिला मणी क्षोभाच्या स्थानी.